डिशवॉशर भांडी नीट धूत नाही : दोष मशीनचा की पाण्याचा?

लोणावळ्यापासून तळेगाव दाभाड्यापर्यंतच्या पट्ट्यात घरगुती यंत्रांच्या कामावर पोट भरणारे आमचे अनेक कारागीर बंधू आहेत. कोणी वायरमन आहे, कोणी प्लंबर, कोणी फ्रिज-वॉशिंग मशीनचा मिस्त्री, तर कोणाचे भांड्यांचे किंवा विजेच्या सामानाचे दुकान आहे. या सर्वांपुढे अलीकडे एक नवे काम येऊ लागले आहे. ते म्हणजे डिशवॉशर, अर्थात भांडी धुण्याचे मशीन.

२०२० च्या टाळेबंदीत घरकामाला येणाऱ्या बायकांचे येणे बंद झाले, तेव्हा शहरी घरांत या मशीनची मागणी एकदम वाढली. टाळेबंदी उठली, मशीन मात्र घरात राहिले. आता त्यांची वॉरंटी संपत आली किंवा संपली आहे, आणि घरमालक जवळच्या मिस्त्रीला हाक मारू लागला आहे.

टाकवे बुद्रुकचेच पाहा. कान्हे फाट्यावरून आत वळून इंद्रायणी ओलांडली की आंदर मावळातले हे गाव लागते. गावात घरोघरी डिशवॉशर आहे असे कोणीच म्हणणार नाही. परंतु वडगाव, कान्हे, तळेगावकडे उभी राहिलेली गृहसंकुले आणि कामशेत-लोणावळ्याकडचे पुण्या-मुंबईकरांचे बंगले टाकव्याच्या मिस्त्रीला मोटारसायकलवरून काही दूर नाहीत. काम आहे, पण ते समजून घेणारे हात अजून थोडे आहेत.

या कामातली सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार एकच आहे. ‘मशीन चालते, पण भांडी निघत नाहीत.’ वाटीच्या तळाला डाळ तशीच, ग्लासवर पांढरे डाग, ताटाला हाताला लागणारी चिकट खर. ग्राहक गृहीत धरतो की मशीन बिघडले. घाईचा मिस्त्रीही तेच गृहीत धरून पंप किंवा हीटर बदलायला सांगतो. आमचे म्हणणे असे की या तक्रारीत सुटा भाग बदलण्याची पाळी सर्वांत शेवटी येते. आधी पाणी, मीठ, साबण, मांडणी आणि जोडणी या पाच गोष्टी तपासाव्यात. ही तपासणी कोणत्या क्रमाने करावी ते या लेखात सांगत आहोत.

मशीन आत काय करते?

हे यंत्र दिसते तेवढे अवघड नाही. अमेरिकेतील जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी १८८६ मध्ये याचे पेटंट घेतले आणि १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ते मांडले. पाण्याच्या जोराने भांडी धुवायची, हे त्यांचे मूळ तत्त्व आजही तसेच आहे.

नळातून थोडे पाणी आत येते. सॉफ्टनर नावाच्या भागातून जाताना त्यातील क्षार कमी होतात. मशीनच्या तळाशी ते साठते, हीटर ते तापवतो, आणि पंप तेच पाणी वरच्या व खालच्या फिरत्या फवाऱ्यांतून भांड्यांवर मारतो. भांड्यांवरून खाली आलेले पाणी जाळीतून गाळून पुन्हा पंपाकडे जाते. असे कितीतरी फेरे झाल्यावर घाण पाणी बाहेर फेकले जाते आणि नवे पाणी घेतले जाते. शेवटी गरम पाण्याने खंगाळून भांडी वाळतात. एका पूर्ण धुण्याला साधारण १० ते १५ लिटर पाणी पुरते.

येथे मुख्य गोष्ट ध्यानात घ्यावी. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरते, म्हणून जाळी तुंबली, फवारा अडला किंवा पाणी कमी आले, तर घाण भांड्यांवरून हटण्याऐवजी भांड्याभांड्यांवर पसरते. मशीनचा आवाज मात्र नेहमीसारखाच येतो. त्यामुळे ‘चालते पण धूत नाही’ ही तक्रार उभी राहते.

पहिली दहा मिनिटे : जाळी, फवारे, मांडणी

पेचकस हातात घेण्यापूर्वी मशीनचे दार उघडावे आणि खालचा कप्पा बाहेर काढावा. तळाशी असलेली जाळी फिरवून बाहेर येते. ती बहुधा दोन-तीन पदरी असते. आपल्या स्वयंपाकातील भाताची शिते, मोहरी, जिरे, कढीपत्त्याची पाने, लिंबाच्या बिया आणि तुपाचा थर हे सारे तेथे जमा होते. जुना टूथब्रश आणि गरम साबणपाणी घेऊन ती धुवावी. तारेच्या घासणीने घासू नये, बारीक जाळी फाटते. बसवताना ती पूर्ण फिरवून घट्ट बसली की नाही ते पाहावे. सैल बसलेल्या जाळीच्या बाजूने कण पंपात जातात आणि मग खरोखरच पंपाचे काम निघते. जाळीखालच्या खळग्यात काचेचा तुकडा किंवा टाचणी नाही ना, हेही पाहून घ्यावे. हे करताना प्लग काढलेला असावा, आणि हात बेताने घालावा.

नंतर फवारे पाहावेत. ते हाताने अलगद फिरले पाहिजेत. त्यांची भोके उजेडात धरून बघावीत. मोहरीचा दाणा त्या भोकात असा बसतो की जणू मापाने केला आहे. बांबूची काडी किंवा टूथपिकने भोक मोकळे करावे, खिळा घालून ते मोठे करू नये. भोक मोठे झाले की पाण्याचा जोर मरतो. फवारा उलटा धरून हलवला असता आत खुळखुळ वाजले, तर आत क्षाराच्या पापड्या किंवा दाणे आहेत असे समजावे.

तिसरी गोष्ट मांडणीची. डिशवॉशरची रचना युरोपातील चपट्या बशा डोळ्यांपुढे ठेवून झाली. आपल्याकडे काठाची ताटे, खोल वाट्या, तांब्या, कढई, कुकर. ग्राहकीण वाटीत वाटी घालून ठेवते, तेव्हा आतल्या वाटीला पाणी लागतच नाही. वाट्या तिरप्या, तोंड खाली आणि एकमेकींपासून सुट्या ठेवल्या पाहिजेत. कढई आणि पातेली खालच्या कप्प्यात पालथी, पण कडेला ठेवावीत. मध्ये ठेवलेली मोठी कढई छत्रीसारखी वरच्या कप्प्याचे पाणी अडवते. चमचे एकात एक बसू नयेत म्हणून काही उलटे, काही सुलटे ठेवावेत. कुकरची शिटी आणि रबरी रिंग काढूनच झाकण ठेवावे. भांडी भरून झाली की दोन्ही फवारे एकदा हाताने फिरवून पाहायला सांगावे. झाऱ्याचा दांडा खाली लोंबला, तर फवारा तेथेच अडून बसतो.

भांडी आधी कितपत धुवावीत, हाही प्रश्न विचारला जातो. उष्टे खरवडून टाकावे, करपलेले भांडे थोडे भिजत घालावे, एवढे पुरे. पाण्याचा गढूळपणा मोजणारे मशीन असेल, तर चकचकीत धुऊन ठेवलेल्या भांड्यांवरून गेलेले पाणी पाहून ते ‘काम थोडे आहे’ असे समजते आणि धुणे आखडते घेते. मग जी एक-दोन करपलेली भांडी असतात, ती तशीच राहतात.

खरी गोम पाण्यात

जाळी, फवारे आणि मांडणी ठीक असूनही तक्रार राहिली, तर पाण्याकडे वळावे. मावळात ही बाब विशेष महत्त्वाची आहे, कारण येथे दोन तऱ्हांचे पाणी शेजारी शेजारी वापरले जाते.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पडणारा पाऊस धरणांत साठतो. आंदर मावळाच्या वरच्या अंगाला १९२२ पासूनचे ठोकळवाडीचे धरण आहे, पलीकडे पवना आहे. हे पावसाचे पाणी खडकात फारसे मुरलेले नसते, म्हणून ते मऊ असते, म्हणजे त्यात क्षार कमी असतात. याउलट बोअरवेलचे पाणी काळ्या खडकाच्या भेगांतून झिरपत येते आणि वाटेत चुना (कॅल्शियम) व मॅग्नेशियमचे क्षार उचलते. ते जड असते. नळयोजनेचे पाणी येणाऱ्या घरात आणि बोअरवर चालणाऱ्या शेजारच्या बंगल्यात एकाच कंपनीचे मशीन वेगळे वागते, त्याचे कारण हेच. संकुलात पावसाळ्यात एक पाणी आणि उन्हाळ्यात टँकरचे किंवा बोअरचे दुसरे पाणी येत असेल, तर एकच मशीन ऋतूप्रमाणे वेगळे वागते.

पाण्याचा जडपणा मिलिग्रॅम प्रति लिटर या मापात सांगतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, वर्ष २०१२) २०० ही इष्ट मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतले जाते. म्हणजे पिण्यास मान्य असलेले पाणीही डिशवॉशरला त्रास देऊ शकते. साधा हिशेब करा. जडपणा ४०० असेल आणि एका धुण्याला १५ लिटर पाणी लागत असेल, तर प्रत्येक वेळी ६ ग्रॅम क्षार मशीनमध्ये शिरतात. रोज एक धुणे धरले, तर महिन्याला १८० ग्रॅम. सॉफ्टनर काम करत नसेल, तर यातला काही भाग हीटरवर, फवाऱ्यात आणि काचेवर बसणारच.

युरोपीय बनावटीच्या मशीनमध्ये जडपणा जर्मन अंशात विचारला जातो. एक जर्मन अंश म्हणजे सुमारे १७.८ मिलिग्रॅम प्रति लिटर. ३०० चे पाणी म्हणजे सुमारे १७ अंश, ५०० चे म्हणजे २८ अंश. पाणी तपासण्याच्या कागदी पट्ट्या मिळतात. कारागिराने त्या पिशवीत ठेवाव्यात, मशीनला पाणी देणाऱ्या नळाचेच पाणी तपासावे आणि पुस्तिकेतील तक्त्याप्रमाणे सॉफ्टनरचा आकडा लावावा. बहुतेक घरांत हा आकडा मशीन आले त्या दिवशी होता तसाच असतो. कोणी हात लावलेला नसतो.

सॉफ्टनरला मीठ लागते, याचे ग्राहकाला नवल वाटते. त्यातील राळेचे बारीक मणी पाण्यातील चुना व मॅग्नेशियम स्वतःकडे खेचून त्यांच्या जागी सोडियम सोडतात. मण्यांची शक्ती संपली की मिठाचे पाणी त्यांना धुऊन पुन्हा ताजे करते. म्हणून मीठ संपले की सॉफ्टनर असून नसल्यासारखा. हे मीठ डिशवॉशरचेच हवे. खाण्याच्या मिठात आयोडीन आणि गोळा न होण्यासाठी घातलेली द्रव्ये असतात, शिवाय ते बारीक असल्याने गच्च बसते. बाजारातल्या खडे मिठात माती आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. दोन्हींनी सॉफ्टनर खराब होऊ शकतो, आणि तो भाग स्वस्त नाही. मीठ भरताना बाहेर सांडले तर लगेच एक धुणे लावावे, नाहीतर स्टीलच्या तळाला गंज धरतो.

पांढऱ्या डागांचे तीन प्रकार

ग्लासवरचा पांढरेपणा पाहून एकदम ‘पाणी जड आहे’ असे सांगू नये. डाग तीन प्रकारचे असतात आणि तिघांचे उपाय वेगळे, काही वेळा एकमेकांच्या उलट आहेत.

पहिला, क्षाराचा थर. डागावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस चोळून पाच मिनिटे ठेवावा. डाग निघून काच स्वच्छ झाली तर तो चुना होय. मीठ भरावे, सॉफ्टनरचा आकडा वाढवावा आणि क्षार काढणारी पावडर घालून मशीन रिकामे, गरम पाण्यावर चालवावे.

दुसरा, मिठाचा थर. साध्या ओल्या फडक्याने डाग निघतो. अशा वेळी मिठाच्या टाकीचे झाकण सैल आहे किंवा त्याचे रबर फाटले आहे असे समजावे. झाकण नीट बसवले की तक्रार मिटते.

तिसरा, काचेचीच झीज. व्हिनेगर लावा, पाणी लावा, धूसरपणा जात नाही. बोटाला काच खरखरीत लागते. हे पाणी जरुरीपेक्षा जास्त मऊ आणि साबण जास्त असल्याने होते. धरणाचे मऊ पाणी असूनही कोणी सॉफ्टनरचा आकडा वर नेऊन ठेवला असेल, तर हमखास असे घडते. येथे आकडा कमी करावा, साबण कमी करावा, उष्णता कमी ठेवावी. गेलेली चमक परत येत नाही, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे.

ही पाच मिनिटांची पारख ज्याला येत नाही, तो तिन्ही रोगांना एकच औषध देतो. तिसऱ्या प्रकाराला पहिल्याचे औषध दिले, तर उरलेली काचही जाते.

साबण आणि चकाकीचे द्रव्य

डिशवॉशरला फेस न होणारा साबण लागतो. हाताने भांडी घासण्याचे द्रव्य चमचाभर घातले, तरी फेसामुळे पंपाला पाण्याऐवजी हवा मिळते, फवाऱ्याचा जोर जातो आणि दारातून फेस गळतो. कोणी असे केले असेल, तर मशीन बंद करून फेस बसू द्यावा, पाणी बाहेर काढावे आणि साबणाशिवाय एक-दोन वेळा खंगाळावे.

मावळच्या पावसाळ्यात पावडर दमट होऊन गोळा बनते. अशी पावडर कप्प्यातून पूर्ण सुटत नाही. ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायला सांगावे. गोळी वापरत असल्यास धुणे संपल्यावर अर्धी गोळी शिल्लक आहे का ते पाहावे. शिल्लक असेल तर दोन कारणे संभवतात. मोठे ताट साबणाच्या झाकणापुढे आडवे येते, किंवा ग्राहक अर्ध्या तासाचे धुणे लावतो आणि तेवढ्यात गोळी विरघळत नाही. छोट्या धुण्याला पावडर बरी.

‘सर्व काही एकात’ असे लिहिलेल्या गोळ्यांत मिठाचे काम करणारी द्रव्ये असतात, पण त्यांची मजल साधारण २१ जर्मन अंशांपर्यंत, म्हणजे ३७० च्या आसपास जडपणापर्यंत. त्यापुढच्या बोअरच्या पाण्याला मीठ वेगळे घालावेच लागते.

ग्राहक कधी म्हणतो की पूर्वीचा साबण चांगला होता. त्यात तथ्य आहे. पूर्वी या साबणात फॉस्फेट असे, ते जड पाणी सहज आवरत असे. नद्या-तलावांत शेवाळ माजते म्हणून अमेरिकेतील अनेक राज्यांत २०१० मध्ये आणि युरोपीय संघात २०१७ पासून त्याच्यावर कडक मर्यादा आली. नव्या साबणात एन्झाइम असतात, ते डाळ-भाताचा पिठूळपणा आणि अंडे-मांसाचा थर तोडतात, पण त्यांना वेळ आणि बेताची उष्णता लागते. म्हणूनच ५० अंशांचे दोन-तीन तासांचे धुणे पुष्कळदा घाईच्या धुण्यापेक्षा चांगले धुते. तुपा-तेलाच्या बिर्याणीच्या भांड्यांना ६५ ते ७० अंशांचे धुणे लावावे.

शेवटच्या पाण्यात मिसळणारे रिन्स एड म्हणजे भांड्यावर थेंब न राहू देणारे द्रव्य. थेंबांचे ठिपके राहिले तर ते कमी पडते, निळसर-इंद्रधनुषी झाक दिसली तर ते जास्त होते. त्याचे मापही आकड्यावर बदलता येते.

दाब, वीज आणि मोरी

आता प्लंबर आणि वायरमनचे क्षेत्र. बहुतेक मशीनच्या पुस्तिकेत पाण्याचा किमान दाब ०.३ ते ०.५ बार असा दिलेला असतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याने सुमारे एक बार दाब मिळतो. एकमजली घराच्या छपरावर ठेवलेली टाकी मशीनच्या नळापासून तीन मीटरच वर असेल, तर दाब जेमतेम ०.३ बार. त्यात पाइप बारीक आणि वळणे फार असली, तर मशीन पाण्यासाठी अडून बसते किंवा कमी पाण्यावर धुते. टाकी उंचावर घेणे किंवा छोटा दाबाचा पंप लावणे हा उपाय. पाणी येणाऱ्या नळीच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, तीही काढून धुवावी. पावसाळ्यात गढूळ पाणी आले की ती गाळाने बंद होते.

सोलर हीटरच्या गरम नळावर मशीन जोडलेले असेल, तर पुस्तिकेची परवानगी पाहावी. साधारण ६० अंशांपेक्षा गरम पाणी चालत नाही. सुरुवातीलाच कढत पाणी लागले तर अंडे आणि डाळ भांड्यावर भाजल्यासारखी चिकटते. शंका असेल तर थंड पाण्याच्या नळावर जोडावे.

विजेचा दाब हा खेड्यातला नेहमीचा विषय. हीटरची उष्णता दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० ऐवजी १८० व्होल्ट येत असतील, तर २००० वॉटचा हीटर सुमारे १२२५ वॉटच देतो. बहुतेक मशीन पाणी तापेपर्यंत थांबते, म्हणून धुणे लांबते. काही मशीन ठरावीक वेळेनंतर चूक दाखवून थांबते. हीटर चालू आहे का, हे क्लॅम्प मीटरने सहज कळते. पाणी तापवताना ८ ते ९ अँपिअर दिसले पाहिजेत, नुसत्या पंपाला एकाहून कमी लागतात. वीज तोडून मोजल्यास २००० वॉटच्या हीटरचा रोध २६ ओहमच्या आसपास असतो. अर्थिंग नसलेल्या जागी हे मशीन चालू करूनच देऊ नये. पाणी आणि वीज एकाच पेटीत आहेत, येथे मुरवत कामाची नाही. घरगुती इन्व्हर्टरवरही ते चालवू नये.

शेवटी सांडपाण्याची नळी. जुन्या घरांत ती सरळ खाली मोरीच्या तोंडात सोडून दिलेली आढळते. नळी जमिनीवर उतरली की सायफन होतो, म्हणजे मशीन पाणी भरत असतानाच ते आपोआप वाहून जाते. ग्राहकाला वाटते पाणी येत नाही. पाणी येते, पण राहत नाही. पुस्तिकेत सांगितलेल्या उंचीपर्यंत नळी आधी वर न्यावी, तेथे बांधावी आणि मग खाली सोडावी. ती सिंकच्या पाइपला जोडली असेल आणि पाइप तुंबला असेल, तर सिंकचे घाण पाणी मशीनमध्ये येते. वास आणि चिकटपणा दोन्ही तेथून येतात.

बंद बंगल्यांतील मशीन

लोणावळा-कामशेतकडच्या बंगल्यांत मशीन शनिवार-रविवार चालते आणि नंतर कित्येक आठवडे बंद राहते. जाळीतील उष्टे कुजते, तळातले पाणी आटून क्षाराचा थर बसतो, रबरे कोरडी पडतात, आणि बंद घरात उंदीर नळ्या कुरतडतात. अशा मशीनला घालायचे नियम सोपे आहेत. निघताना जाळी धुवावी, पाण्याचा कॉक बंद करावा, प्लग काढावा, दार बोटभर उघडे ठेवावे. परतल्यावर पहिले धुणे रिकामे, गरम पाण्यावर लावावे. बंगल्याची देखभाल करणाऱ्याला हे शिकवून ठेवले, आणि तीन-चार महिन्यांतून एकदा तपासणीचा करार केला, तर कारागिराला बांधील काम मिळते आणि मालकाला ऐन पाहुण्यांच्या वेळी धावपळ करावी लागत नाही.

जी भांडी मशीनची नव्हेत

काही तक्रारी धुण्याच्या नसतात, भांड्याच्या असतात. साधे ॲल्युमिनियम तीव्र साबणाने काळे पडते. लोखंडी तवा आणि कढई गंजते. लाकडी पोळपाट-लाटणे फुगते आणि चिरते. मेलामाइन व प्लॅस्टिकच्या भांड्यांना हळद धरते, ती मशीनने निघत नाही. भांडे उन्हात ठेवले तर ती फिकी होते. कल्हईची तांब्या-पितळेची भांडी तर मशीनमध्ये घालूच नयेत, कल्हई निस्तेज होऊन उतरू लागते. कल्हईचा हुन्नर आमच्या अनेक घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळला आहे. भांड्यांच्या दुकानदाराने देग किंवा पातेले विकतानाच ही सूचना द्यावी. ग्राहकाचे भांडे वाचते आणि कल्हईवाल्याचे नाव खराब होत नाही.

हिशेबाची गोष्ट

आता अडचणीचा प्रश्न. मिस्त्री टाकव्याहून लोणावळ्याला गेला, तासभर तपासले, मोहरीचा दाणा काढला, मीठ भरायला सांगितले. भाग बदलला नाही, मग पैसे कशाचे मागायचे? याच अडचणीतून चांगला पंप ‘गेला’ असे सांगण्याचा मोह होतो. एकाने तसे केले, की संकुलातील पन्नास घरांत ती गोष्ट पसरते आणि पुढच्या प्रामाणिक कारागिरालाही दार उघडत नाही.

यावर मार्ग एकच. तपासणीचा आकार फोनवरच सांगावा, आणि तो माणसाच्या वेळेचा व जाणतेपणाचा आहे हे निःसंकोच सांगावे. डॉक्टर नाडी पाहण्याचे पैसे घेतो, औषध दिले नाही तरी. हुन्नराचा मोबदला हा हलाल रोजीचाच भाग आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. सोबत मीठ, रिन्स एड, क्षार काढणारी पावडर आणि नळीचे वॉशर ठेवावेत. या मालाची योग्य विक्री होते आणि ग्राहकाचा खेटा वाचतो. काय पाहिले, पाण्याचा जडपणा किती निघाला, सॉफ्टनरचा आकडा कोठून कोठे नेला, हे बिलावर लिहावे. भाग बदलला तर जुना भाग ग्राहकाच्या हातात द्यावा.

वॉरंटीतील मशीन उघडू नये. ग्राहकाला कंपनीकडे पाठवावे, जाळी-मीठ-मांडणी तेवढी पाहून द्यावी. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० पासून लागू आहे, आणि पैसे घेऊन केलेल्या दुरुस्तीतील कसूर त्याच्या कक्षेत येते, हे विसरू नये. दुसऱ्या बाजूने, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टु रिपेअर’ पोर्टल सुरू केले. कंपन्यांनी दुरुस्तीच्या पुस्तिका, सुटे भाग आणि वॉरंटी यांची माहिती खुली करावी हा त्यामागचा हेतू आहे. बाहेरच्या कारागिराला त्याचा लाभ घेता येईल.

थोडक्यात, क्रम पाठ करावा. जाळी, फवारे, मांडणी. मग पाणी, मीठ, साबण. मग दाब, वीज, नळी. आणि सर्वांत शेवटी पंप व हीटर. हा क्रम सोडून शेवटाकडून सुरुवात करणारा मिस्त्री एका दिवसात जास्त कमावेल. क्रमाने जाणाऱ्याला मात्र पुढच्या वर्षीही त्याच घरातून बोलावणे येईल.